गुणा चांगल्या घरी गेली

परळ, १२ जानेवारी २०२४

गुणवंती,

अक्षर ओळखणार नाहीस म्हणून आधीच सांगते, मी अनुजा. सुभद्राबाईंची अनुजा. तुझा पत्ता दर्शनाने नाशिकहून कळवला. फोन नंबर तिच्याकडे नाही, किंवा असूनही तिने दिला नाही. तू हर्णैच्या शाळेत शिकवतेस एवढंच म्हणाली. वीस वर्षांनी तुला लिहितेय ते कामासाठी, दुसरं काही मनात आणू नकोस.

सगुणाबाई बालसदनाला यंदा ऐंशी वर्षं होतात. रमाकांत सामंत आता ट्रस्टचे अध्यक्ष आहेत. त्यांना संस्थेचा इतिहास छापायचाय आणि तो मी लिहावा असा त्यांचा आग्रह आहे, कारण मी तिथेच वाढले आणि शाळेत मराठी शिकवते. त्यात सदनातून मोठ्या झालेल्या मुलींवर एक प्रकरण हवंय. मी बरीच नावं सुचवली. एक कलेक्टर कचेरीत आहे, एकीचा दादरला स्वतःचा क्लास आहे, दर्शना दातांची डॉक्टर आहे. सामंत सगळं ऐकून म्हणाले, "ते ठीक आहे, पण बाईंची गुणा राहिली तर कसं चालेल?"

तर असं आहे. इतकी वर्षं तू फिरकली नाहीस तरी पहिलं नाव तुझंच. एक फोटो आणि दोन पानं मजकूर पाठव. सदनातल्या आठवणी, सण, शाळा, असं काहीही. कटू काही नको, असं सामंतांचं म्हणणं आहे. माझं काही म्हणणं नाही.

बाई बऱ्या आहेत.

अनुजा

परळ, ४ फेब्रुवारी २०२४

गुणवंती,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी. फोटो पाठवणार नाही, माझ्याबद्दल काही छापू नका, फोन करू नका, आणि बाई कशा आहेत ते खरं लिहा.

त्या 'खरं'वर मी दोन दिवस धुमसत होते. निलेश म्हणाला, तिने विचारलंय तर लिहून टाक. माझ्या नवऱ्याला सगळं सोपं वाटतं, त्याची आई त्याच्या एकट्याची होती.

मागच्या पत्रात मी 'बाई बऱ्या आहेत' लिहिलं ते ट्रस्टच्या पत्रात लिहितात तसं. खरं असं, की गेली दीड-दोन वर्षं ती माझ्याकडे आहे. आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्यात आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर आहोत. तिला विसरण्याचा आजार झालाय. सकाळी चहा घेतला हे दहाला आठवत नाही, पण सदनात कोणत्या साली कोणाला कांजिण्या आल्या ते विचार. खिडकीतून सदनाचं कौलारू छप्पर दिसतं. तिथे बसून ती मुलं मोजते. इतक्या उंचावरून माणसं दिसतसुद्धा नाहीत, तरी मोजते, आणि एक कमी भरलं की उठून दाराकडे जाते. कडी वर लावून घेतलीय.

खरं हवं होतं ना तुला. हे घे.

इतिहास लिहिते आहे. सुरुवातीचा भाग तुलाही पूर्ण ठाऊक नसेल. गोदीत चव्वेचाळीस साली स्फोट झाला त्यात सगुणाबाईच्या शेजारचं नवरा-बायकोचं जोडपं गेलं. सगुणाबाई म्हणजे गिरणीतल्या एका जॉबरची, मुकादमाची, विधवा. तिला स्वतःचं मूल नव्हतं. शेजाऱ्यांची तिन्ही मुलं तिने आपल्या खोलीत आणली. मग माझगावहून कोणी आणखी दोन आणून सोडली. खोली पुरेना तेव्हा गिरणीच्या मागचं कापसाचं रिकामं गोदाम तिने मागून घेतलं, तेच आपलं सदन. पुढे ब्याऐंशीचा संप झाला आणि सगळं उलटंच झालं. आई-बाप जिवंत असलेली मुलं यायला लागली. बाप दारात उभा राहून सांगायचा, गिरणी सुरू झाली की घेऊन जातो. गिरणी कुठली सुरू व्हायला. हे मी लिहिलंय, आणि सामंतांना ते आवडलंय.

बाई संपाच्या आदल्या वर्षी आली. माझे वडील वारले, त्यांच्याकडच्या नातेवाइकांनी हात वर केले, आणि अधीक्षिकेच्या कामाबरोबर राहायला खोली मिळत होती. मी तीन वर्षांची होते. म्हणजे बघ, बाप गेला म्हणूनच मीही सदनात आले, इतर मुलींसारखीच. फरक एवढाच, की मी येताना आई बरोबर आणली होती. बाकीच्या मुली यावरून माझा राग राग करायच्या. मला तो आवडायचा. राग करण्यासारखं माझ्याकडे काहीतरी होतं.

हे तू येईपर्यंत चाललं.

तुझा विठोबाकाका तुला घेऊन आला तो दिवस मला आठवतो, तुला आठवत नसेल, तू चार वर्षांची होतीस. तुझी आई भाऊच्या धक्क्यावर मासे विकायची, ती तापाने गेली होती. काका ट्रॉलरवर असायचा. तू कोणाशी बोलली नाहीस, फक्त बाईच्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलंस. रखमामावशी स्वयंपाकघरातून जेवायला हाका मारत होती तरी सोडलं नाहीस. बाईने तुला आमच्या खोलीत घेतलं. एका रात्रीपुरतं, असं मला सांगितलं. पलंग एकच. थोड्या दिवसांनी माझी उशी मोठ्या हॉलमध्ये गेली. "तुला आता मुलींची सवय झालीय," असं बाई म्हणाली. मी सहा वर्षांची होते. मला कसलीही सवय झालेली नव्हती.

तुझं काही छापणार नाही. सामंतांना तसं सांगेन.

अनुजा

परळ, १० मार्च २०२४

गुणवंती,

तुझं दुसरं पत्र आलं. बाईला डॉक्टर कोणते, औषध कोणतं, जेवते काय, झोपते का. नर्सने विचारावं तसं. उत्तरं वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवली आहेत.

एक गोष्ट मी दोन्ही पत्रांत टाळली. ती मला 'गुणा' म्हणते.

आधी कधीतरी म्हणायची. मी दुरुस्त करायचे, "बाई, मी अनुजा," मग ती ओशाळून हसायची. आता रोज म्हणते. परवा दुपारी मी शाळेतून आले, तर खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसली होती. "ये गुणा, केस बघ कसे झालेत," म्हणाली. मी पाठमोरी बसले. तिने निवांत तेल लावलं, जट सोडवली, दोन वेण्या घातल्या. मी शेहेचाळीस वर्षांची बाई, दोन वेण्या घालून. लहानपणी माझे केस रखमामावशी विंचरायची, ओळीत बसवून, सगळ्या मुलींचे विंचरायची तसे. बाईचा हात माझ्या डोक्यावर इतका वेळ कधी नव्हता. आणि तो माझ्यासाठी नव्हता. मी मध्येच उठून सांगू शकले असते. नाही उठले. संध्याकाळपर्यंत वेण्याही सोडल्या नाहीत. निलेशने काही विचारलं नाही, हे त्याचं चांगलं.

म्हणून आज तुझ्याशी नीट भांडणार आहे. पत्रात भांडलेलं बरं, मध्ये कोणी बोलत नाही.

नाशिकचं जोडपं आलं तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. तीनदा आले ते. तू त्यांना कविता म्हणून दाखवलीस, त्यांनी तुला अबोली रंगाचा फ्रॉक आणला. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की ते तुलाच नेणार. खरं सांगू, मी देवाला मनापासून हात जोडत होते. तू गेलीस की माझी उशी परत जाणार होती. मग एक दिवस बाईने सांगितलं, विठोबाकाका सही द्यायला तयार नाही. ते दर्शनाला घेऊन गेले. तू तो फ्रॉक दर्शनाला दिलास. पुढची सगळी वर्षं काकाचं नाव काढलं की तुझं तोंड बंद व्हायचं. तो कधी सुकट, कधी बांगडे घेऊन यायचा, तू गच्चीवर निघून जायचीस. तो वारला तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस आणि त्याचं तोंड बघायलाही गेली नाहीस.

काका गेल्यावर बाईच्याने राहवलं नाही. तुला नोकरी लागली त्याच आठवड्यात तिने तुला खोलीत बसवून सांगितलं, की काका कधीच नाही म्हणाला नव्हता. तिने त्याला विचारलंच नव्हतं. नाही तिनेच म्हटलं होतं. मी बाहेर पॅसेजमध्ये होते, माझ्या लग्नाच्या पत्रिका घेऊन, पत्ते विचारायला आले होते. तुझं रडणं ऐकलं. तू म्हणालीस, "माझं घर तुम्ही घालवलंत. काकाही घालवलात." आणि बाई म्हणाली, "तू गेली असतीस तर मी जगले नसते गुणा."

तू त्याच संध्याकाळी बॅग भरून आजोळी हर्णैला गेलीस. बरोबर केलंस. तुझ्यावर अन्यायच झाला, तो मी कमी करून सांगत नाही. एका मुलीला घर मिळत होतं, ते अडवायचा बाईला काही हक्क नव्हता. सदन त्यासाठीच होतं ना, मुलांना घरी पाठवण्यासाठी.

पण ज्या वाक्याने तू घर सोडलंस, तेच वाक्य ऐकायला मी आजही काय वाटेल ते देईन. त्यानंतर महिन्याभराने माझं लग्न झालं. बाई हॉलवर ऑफिसच्याच साडीत आली आणि मुलांच्या जेवणाची वेळ झाली म्हणून पाठवणीच्या आधी परत गेली. मी गेले तर ती छान जगली असती. जगलीच.

तुला तिने जाऊ दिलं नाही म्हणून तू तिला माफ करत नाहीस. मला तिने कधी धरलंच नाही, मी काय करू?

अनुजा

परळ, ३० एप्रिल २०२४

गुणवंती,

मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण हे तुझं आहे आणि चुकून माझ्याकडे आलंय.

आधी सदनाचं. परळचं सदन बंद होतंय. इमारत पाडायची आहे. आता मुलंही थोडीच उरलीत, कायदे बदलले, बरीच मुलं नातेवाइकांकडे किंवा दत्तक जातात. उरलेल्यांना कर्जतला नवीन जागेत हलवलं. निरोपाच्या कार्यक्रमाला सामंतांनी बाईला आणायला सांगितलं. मला न्यायचं नव्हतं. पण तिने सकाळपासून पांढरी साडी नेसून तयारी केली होती, कोणी सांगितलं कोण जाणे.

बाई अंगणात खुर्चीवर बसली. मुलं एकेक करून बसमध्ये चढत होती आणि ती प्रत्येकाला जवळ बोलवून कॉलर नीट करत होती. तिला वाटलं सगळी दत्तक चाललीत. "नव्या आईला त्रास देऊ नको, पण भूक लागली की सांग," असं प्रत्येकाला बजावत होती. मुलं हसली नाहीत. एकाने तिला नमस्कार केला, मग सगळ्यांनी केला. बस निघून गेल्यावर ती कितीतरी वेळ फाटकाकडे बघत बसली. मग मला म्हणाली, "आपली राहिली."

घरी आलो. दुपारी ती पलंगावर पडली होती, मी पंखा लावून पाय चेपत बसले. मला वाटलं झोपली. तर डोळे मिटूनच म्हणाली, "गुणा, विठोबाला मी विचारलंच नव्हतं गं."

मी हात थांबवला.

"त्यांची मोटार खाली उभी होती. तू नवा फ्रॉक घालून जिन्यात बसलेलीस. मी वर गेले ते कागद घेऊन यायला. आणि खाली येऊन सांगितलं, काका नको म्हणतो. कसं बोलले मला कळलं नाही. माफ कर म्हणत नाही. पण तू काहीतरी बोल."

मी काय बोलणार होते गुणा? 'केलं माफ' हे दोन शब्द म्हटले असते तर ती शांत झाली असती, उठून भात खाल्ला असता. पण ते शब्द माझे नव्हते. आणि खोटं कशाला बोलू, मला ते तिला द्यायचेही नव्हते. मनात येत होतं, एकदा माझं विचार. मोठ्या हॉलमध्ये पहिल्या रात्री मला झोप लागली का, ते विचार.

मी म्हटलं, "बाई, गुणा हर्णैला आहे. मी अनुजा आहे."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, अगदी नीट, पूर्वी प्रगतिपुस्तक बघायची तसं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अनुजाला यातलं काही सांगू नको हां. तिला आधीच फार लागलंय. ती बोलत नाही, पण मला कळतं."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. म्हणजे तिला दिसत होतं. माझी उशी उचलून नेली तेव्हा, वेण्या रखमामावशी घालायची तेव्हा, लग्नाच्या हॉलवरून लवकर निघून गेली तेव्हा. मला इतकी वर्षं वाटायचं, एवढ्या मुलांत तिला मी दिसतच नाही. तिला दिसत होते आणि तरी ती गेली. यातलं जास्त वाईट कोणतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण 'मला कळतं' हे ती माझ्याबद्दल बोलली, तुझ्याबद्दल नाही, हेही मी पुन्हा पुन्हा मनात घोळवते. इतकी मी कोती झालेय.

तेव्हापासून ती रोज तेच विचारते. जेवत नाही. ताट समोर ठेवलं की म्हणते, गुणा बोलू दे, मग जेवते. निलेशने मला दोनदा सांगितलं, हो म्हणून टाक, आजारी माणसाशी खरं-खोटं काय. मला जमत नाही.

तू ये. माफ कर असं मी सांगणार नाही, ते तुझं तू बघ. वाटलं तर तिला तोंडावर सांग की नाही करणार. पण ते तू सांग. तुझ्या जागेवर मी लहानपणापासून बसू बघत होते, आता ती आयती मिळालीय आणि मला तिथे बसवत नाही.

दापोलीहून परळच्या स्टँडला थेट एसटी आहे. मी न्यायला येईन.

अनुजा

परळ, २ जून २०२४

गुणा,

तू न कळवता आलीस. बेल वाजली तेव्हा मी कुकर लावत होते. दारात चष्मा लावलेली, पिकलेल्या केसांची, कडक इस्त्रीच्या साडीतली बाई बघून मला वाटलं कोणीतरी सर्व्हेला आलंय. मग तू चपला काढल्यास, दोन्ही उचलून भिंतीला टेकवून ठेवल्यास. सदनातली सवय. मी तुला आत बोट दाखवलं.

तू खोलीत होतीस, त्यामुळे काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. पण मी दारात उभी होते आणि मला तिचा चेहरा दिसत होता. तू मान खाली घातली होतीस, तुला तो दिसला नाही. म्हणून लिहिते.

तिने तुला ओळखलं नाही. मला आधी, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं. म्हटलं, चला, हिलाही नाही ओळखलं. तिने पदर सारखा केला, तुला खुर्ची दाखवली आणि ऑफिसात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "नाशिकहून आलात ना? फार लांबचा प्रवास."

तू माझ्याकडे बघितलंस. मी काही खूण केली नाही. काय खूण करणार?

तू म्हणालीस, "हो. लांबून आले."

"मुलगी चांगली आहे," बाई म्हणाली. "हट्टी आहे थोडी. माशाचं डोकं तिला लागतं, तुमच्यात चालत नसेल तर तिला समजावून सांगा, एकदम बंद करू नका. अंधाराला घाबरते, दिवा ठेवायचा. पाढे येत नाहीत पण कविता एकदा ऐकली की पाठ. रागावली की बोलत नाही. तेव्हा आपणही बोलायचं नाही, नुसतं जवळ बसून राहायचं, मग ती आपणहून येते."

मी दाराची चौकट धरून ऐकत होते. आज काय वार आहे ते तिला सांगता येत नाही, आणि तुझं एवढं एवढंसं सगळं जागच्या जागी. मला नेहमीसारखा तुझा हेवा वाटला. आणि तेवढ्यात मी तिचा चेहरा बघितला. गुणा, तिचे ओठ थरथरत होते. ती तुझे गुण सांगत नव्हती. एकेक गोष्ट हातातून सोडत होती.

मग म्हणाली, "घेऊन जा तिला. मी मागे नाही म्हटलं, ते माझ्या जिवासाठी म्हटलं. तिच्यासाठी नाही. तिच्या काकाची काही हरकत नाही. माझीच होती. आता नाही."

मला भीती वाटली, आता तू उठून जाशील किंवा तिला खरं सांगशील. तू तिचा हात हातात घेतलास आणि म्हणालीस, "नेते मी तिला. चांगली ठेवीन."

बाईने मान हलवली, आणि डोळे पुसून मला सांगितलं, "यांना चहा दे, आणि मला वाढ." ती जेवली. आमटी-भात, वर दही. तू बघत होतीस.

स्टँडवर तू काय बोललीस त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आपण फलाटावर उभ्या होतो, गाडीला उशीर होता. मी तुला विचारलं, खरंच माफ केलंस? तू म्हणालीस, "माहीत नाही. काकाला विचारायला हवं, तो नाही." मग थोड्या वेळाने, गाडी लागता लागता, तू म्हणालीस, "तुझा मामा दर मे महिन्यात यायचा मालवणला न्यायला. पिशवीत फणसपोळी असायची. तो आला की मी मोरीत जाऊन कडी लावून बसायचे. तू परत येऊच नयेस असं वाटायचं, आणि तू नसलीस की करमायचंही नाही."

मला हे माहीत नव्हतं. मामाच्या मागे जाताना मी कधी वळून बघितलं नाही, बघण्यासारखं मागे काही आहे असं मला वाटलंच नाही. तू मोरीत बसायचीस. मी इकडे तुझ्या उशीवर डोळा ठेवून होते आणि तू माझ्या मामावर. बाई मध्ये कुठे उभी राहणार होती?

उत्तर एवढंच. मामा आता थकलाय, पण आहे. पुढच्या मे महिन्यात मी मालवणला जाणार आहे. येत असलीस तर सांग.

अनुजा

परळ, १८ ऑगस्ट २०२४

गुणा,

इतिहास छापून आला. एक प्रत पाठवली आहे. तू मागाहून आपणहून फोन करून सांगितलंस तसंच एक पान घातलं, नाव न घालता: एका मुलीला घर मिळत होतं, आणि ज्यांनी तिला वाढवलं त्यांनीच मायेपोटी ते अडवलं. सामंतांनी ते काढायला सांगितलं. समारंभाच्या पुस्तकात असलं कशाला, म्हणाले. मी सांगितलं, पान राहणार नसेल तर माझं नावही नको. मग राहिलं.

बाईला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "त्यांनी चूक केली." आपल्याबद्दल आहे हे तिला कळलं नाही. किंवा कळलं असेल.

आता ती मला गुणा म्हणत नाही. काहीच म्हणत नाही, 'अगं' म्हणते. तेल लावत नाही. मला वाटलं होतं, तू गेलीस की मी उरेन. तसं काही झालं नाही. मी उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं, आणि तिने मुकाट्याने भरवून घ्यायचं, एवढं आहे. माझ्या हातून खाते, निलेशच्या हातून खात नाही. यावर मी खूश असते, तुला सांगायला हरकत नाही. तुझा हेवा संपला असं लिहिणार होते, पण काल शेजारीण आली तेव्हा बाई तिला तुझ्याबद्दलच सांगत होती, आणि माझ्या हातातला कप बशीवर जरा जोरात ठेवला गेला.

ती सगळ्यांना सांगते, आमची गुणा चांगल्या घरी गेली. दूधवाल्याला सांगते, लिफ्टमनला सांगते. गेली, पण पोहोचली का, हे तिच्या मनातून जात नाही. दत्तक गेलेल्या मुलांची पहिल्या महिन्यात खुशाली यायची, तशी तुझी आली नाही म्हणून रोज दुपारी मला विचारते. मी सांगते, येईल. परवा वैतागून म्हटलं, मीच लिहून आणते एक. कागद घेऊन बसलेही. तुझ्या नावाने दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या.

तेव्हा तूच लिही. मोठ्या अक्षरात, तिला दिसेल असं. नाशिकहून लिहितेस असं लिही किंवा हर्णैहून, तिला फरक पडणार नाही. फार काही नको. दिवा ठेवतात आणि पोटभर जेवतेस, एवढं असलं तरी पुरे. मी तिच्याजवळ बसून वाचून दाखवीन. पुन्हा वाच म्हणाली तर पुन्हा वाचीन.

तुझी,
अनुजा